कृष्णा कोठे मिळते?

वाई हे कृष्णाकाठचे जुने गाव. नदीला दगडी घाट, घाटावर ढोल्या गणपतीचे भव्य देऊळ आणि मावळतीला पाचगणीच्या पठाराची सुरीने कापल्यासारखी सरळ कड. येथील मुले चालायला लागली की कृष्णेच्या वाळूत खेळतात आणि थोडी मोठी झाली की तिच्याच डोहात पोहायला शिकतात. असे असूनही एके वर्षी या गावातील एका शाळेत आठवीच्या चाळीस मुलांनी, ‘कृष्णा नदी अरबी समुद्राला मिळते’, असे उत्तरपत्रिकेत लिहिले.

गोष्ट १९६५च्या सुमाराची आहे. त्या शाळेत भूगोल शिकविणारे गुरुजी मोठे कामसू होते. प्रत्येक धड्याची प्रश्नोत्तरे ते स्वतः तयार करीत, वर्गात सावकाश सांगत आणि मुले ती सुवाच्य अक्षरात वहीत उतरून घेत. परीक्षेच्या आधी ती पाठ करावयाची, एवढेच काम मुलांना उरे. निकाल चांगला लागे. पालक संतुष्ट असत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चाचणी झाली. रात्री कंदिलाच्या उजेडात गुरुजी उत्तरपत्रिका तपासू लागले. पहिल्या मुलाने कृष्णा अरबी समुद्राला मिळविली होती. त्यांनी लाल शाईने चूक दाखविली. दुसऱ्यानेही तेच केले होते, तिसऱ्यानेही. दहाव्या उत्तरपत्रिकेपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी एका मुलाची तपासायला आलेली वही उघडून पाहिली. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नद्यांविषयी सांगताना सावित्रीचे वाक्य त्यांच्याच तोंडून कृष्णेला जोडले गेले होते. सावित्री पश्चिमेस उतरून अरबी समुद्राला मिळते, हे खरे. कृष्णा मात्र पूर्वेकडे वळून सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. चूक गुरुजींची होती. चाळीस मुलांनी ती निमूटपणे लिहून घेतली, पाठ केली आणि सुंदर अक्षरात परत केली.

त्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका जरा निराळी होती. तीत प्रथम ‘बंगालचा उपसागर’ असे लिहिले होते, मग ते शब्द खोडून वर ‘अरबी समुद्र’ लिहिले होते. ती उत्तरपत्रिका माण तालुक्यातून आलेल्या एका धनगराच्या मुलाची होती. तो वाईला आत्याकडे राहून शिकत असे. पाठांतरात तो मागे असल्यामुळे वर्गात त्याची गणना मठ्ठांत होई.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला जवळ बोलाविले आणि विचारले, “बरोबर लिहिले होतेस, मग खोडलेस का?”

“वहीत अरबी समुद्र होता, गुरुजी.”

“आणि आधी बंगालचा उपसागर कोठून आणलास?”

मुलगा थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, “नदी आपल्या गावावरून उगवतीकडं जाते. अरबी समुद्र मावळतीला. मधे एवढा डोंगर आहे. पाणी डोंगर कसा चढेल?”

वर्ग हसला नाही. गुरुजीही काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी फळ्यावर त्या प्रश्नाचा क्रमांक लिहिला, त्यापुढे स्वतःचे नाव लिहिले आणि नावापुढे शून्य मांडले. “हा गुण माझा. तुमच्या उत्तरपत्रिकांत या प्रश्नाचे गुण मी धरणार नाही,” असे म्हणून त्यांनी धडा पुढे चालू केला. प्रश्नोत्तरे सांगणे मात्र त्या दिवसापासून बंद झाले.

पुढे काय करावे, हे त्यांनाही आधी नीट ठाऊक नव्हते. पावसाळ्याचे दिवस होते, म्हणून त्यांनी पावसापासूनच आरंभ केला. मुलांनी घरून तीन भांडी आणली: एक बिस्किटांचा अरुंद उभा डबा, एक लाडवांचा रुंद डबा आणि एक तांब्याचा लोटा. तिन्ही भांडी शाळेच्या अंगणात उघड्यावर ठेवली. रुंद डब्यात जास्त पाऊस दिसणार, याविषयी सर्वांची खात्री होती. सकाळी पट्टी बुडवून पाहिले, तो दोन्ही डब्यांत पाण्याची उंची सारखीच. रुंद डब्याने पाणी अधिक धरले होते, पण ते तितक्याच रुंद तळावर पसरले होते. लोट्यात मात्र पाणी फार कमी भरले. त्याचे तोंड लहान आणि पोट मोठे; तो पर्जन्यमापक म्हणून निरुपयोगी ठरला. पाऊस सेंटीमीटरमध्ये का मोजतात, लिटरमध्ये का नाही, हे वर्गाला त्या लोट्याने शिकविले.

एका मुलाचे मामा महाबळेश्वरी दुकान चालवीत असत आणि दुसऱ्याची मावशी पाचगणीला राहत असे. त्या दोघांकडे एकेक उभा डबा व एकेक पट्टी पाठविण्यात आली. रोज सकाळी आठ वाजता पाणी मोजायचे, डबा रिकामा करायचा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्यायचा, असे ठरले. कंडक्टर भला माणूस होता. दुपारची गाडी आली की दोन मुले धावत स्थानकावर जात आणि चिठ्ठ्या घेऊन येत. फळ्याच्या कोपऱ्यात तीन गावांची नावे लिहिली होती. त्यांखाली आकडे चढू लागले.

चौथ्याच दिवशी महाबळेश्वराहून मामांची चिठ्ठी आली: “डबा रात्रीतच भरून वाहून गेला. किती पडला ते सांगता येत नाही. मोठा डबा पाठवावा.” त्याच दिवशी वाईच्या डब्यात पाणी होते अवघे दोन सेंटीमीटर!

वर्गात हशा पिकला, परंतु हसू ओसरताच एका मुलाने विचारले, “गुरुजी, एवढ्याशा अंतरात इतका फरक का?” शिक्षक ज्या प्रश्नाची वाट पाहत असतो, तो हाच. महाबळेश्वर वाईहून बत्तीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे वर्षाला सुमारे ६०० सेंटीमीटर पाऊस पडतो; पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आणि वाईला १०० सेंटीमीटरसुद्धा नाही. समुद्रावरून येणारे वाफेने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर चढताना हवा पसरते व थंड होते. थंड झालेल्या हवेतील वाफेचे पाणी होते आणि ते डोंगरमाथ्यावर कोसळते. पलीकडे उतरताना तीच हवा पुन्हा तापते, आणि ढग विरळ होतात. डोंगराच्या आड असलेल्या या कमी पावसाच्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. हा शब्द मुलांच्या पुस्तकात पूर्वीही होता. परंतु आता त्याच्यामागे मामांचा डबा उभा होता.

“आणि वाईच्या पुढे पूर्वेला काय होत असेल?” गुरुजींनी विचारले.

तेव्हा मागच्या बाकावरून तो धनगराचा मुलगा आपण होऊन उठला. “आमच्याकडं ढग दिसतात, गुरुजी, पण ते थांबत नाहीत,” तो म्हणाला. मग त्याला बोलते करण्यासाठी फारसे विचारावे लागले नाही. पाऊस कमी, म्हणून बाजरी. चारा अपुरा, म्हणून मेंढरे घेऊन हिंडणे. कोकणातील भाताची कापणी झाली की त्याच्या घरची माणसे मेंढरे घेऊन घाट उतरत. रात्री मेंढरे शेतात बसवीत, शेताला खत मिळे, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देई. पाऊस येण्यापूर्वी पुन्हा घाट चढून घरी परतायचे, कारण कोकणचा मुसळधार पाऊस मेंढरांना सोसत नाही. शाळेत येण्यापूर्वी दोन वर्षे तो स्वतः या वाटेने चालला होता. कोणता उतार कोणीकडे आहे, पाणी कोठून कोठे जाते, हे त्याच्या पायांना ठाऊक होते. फक्त ते भूगोलाच्या पुस्तकात बसते, याची त्याला कल्पना नव्हती. त्या तासाला घंटा झालेली कोणाला ऐकू आली नाही.

येथवर सर्व उत्तम झाले. परंतु सहामाही परीक्षेत या वर्गाचा भूगोलाचा निकाल मागील वर्षापेक्षा खाली आला.

एक पालक रागाने शाळेत आले. “मुलगा पाऊस मोजतो, चिठ्ठ्या आणतो, अभ्यास कधी करणार?” असे त्यांनी विचारले. हेडमास्तरांनी गुरुजींना बोलावून सांगितले की, वार्षिक परीक्षेतही असेच झाले तर प्रश्नोत्तरे पुन्हा सुरू करावी लागतील. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. गुरुजींनी उत्तरपत्रिका पुन्हा चाळल्या. पाऊस का पडतो हे मुलांनी छान लिहिले होते; पण कोयनेचा संगम कऱ्हाडऐवजी साताऱ्याला नेला होता, आणि ज्वारीच्या जागी भात पिकविला होता. मुलांना विषय समजला होता. तो ध्यानात राहण्यासाठी निराळे काहीच केलेले नव्हते. ही दुसरी चूकही आपलीच, असे गुरुजींच्या मनाने घेतले.

दिवाळीनंतर त्यांनी उजळणीची नवी रीत काढली. दर शनिवारी प्रत्येकाने एक कोरा कागद घ्यायचा. पुस्तक बंद, वही बंद, नकाशा बंद. आठवेल तसा महाराष्ट्राचा नकाशा काळ्या पेन्सिलीने काढायचा आणि त्यात नद्या, डोंगर, गावे, पिके भरायची. मग नकाशासंग्रह उघडून जे चुकले किंवा राहिले, ते लाल पेन्सिलीने दाखवायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा नवा कोरा कागद! पहिल्या दिवशी कोणाचा महाराष्ट्र बटाट्यासारखा झाला, तर कोणाचा वांग्यासारखा. आणि सगळे कागद लालेलाल. पाचव्या-सहाव्या शनिवारी लाल रंग ओसरू लागला.

एका हुशार मुलाच्या कागदावर पहिल्याच दिवशी लाल रेघ दिसत नव्हती. त्याने बाकाखाली नकाशा उघडून ठेवला होता. गुरुजी त्याला रागावले नाहीत. ते म्हणाले, “तुझा कागद सर्वांत सुंदर आहे. पण तुला काय येत नाही, हे त्यावरून तुलाही कळत नाही आणि मलाही.” पुढच्या शनिवारी त्या मुलाचा कागद इतर कोणाहीपेक्षा अधिक लाल होता, आणि त्याने तो सर्वांना दाखविला.

महिन्यातून एकदा वर्ग अंगणात भरे. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने कृष्णा आखली जाई: एका टोकाला महाबळेश्वर, दुसऱ्या टोकाला उपसागर. प्रत्येक मुलगा एक उपनदी होऊन तिच्या संगमाच्या जागी उभा राही आणि आपण कोठून आलो, वाटेत काय पाहिले, हे सांगे. माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पुढे घटप्रभा, मलप्रभा, भीमा, तुंगभद्रा. उजव्या तीरावर दाटी होई आणि डाव्या तीरावर भीमा बिचारी दूर एकटी उभी असे. भीमा व्हायला कोणी तयार नसे. एके दिवशी भीमा झालेल्या मुलाने सांगितले, “मी पंढरपुराहून आलो. तेथे मला चंद्रभागा म्हणतात. विठोबाच्या पायांजवळचे पाणी मी कृष्णेला आणून देतो.” त्यानंतर भीमा होण्यासाठी भांडणे होऊ लागली.

त्या वेळी फक्कीची ती नदी महाराष्ट्र, मैसूर आणि आंध्र प्रदेश अशा तीन राज्यांतून जाई. पुढे १९७३ साली मैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली तेलंगण वेगळे झाले. आजच्या मुलांना तिच्या वाटेवर चार राज्ये लिहावी लागतात. वाईच्या वरच्या अंगाला आज धोमचे धरण आहे, तेही तेव्हा नव्हते. नकाशाही असा बदलत राहतो.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशात कृष्णा व तिच्या उपनद्या दाखविण्याचा एक प्रश्न होता, आणि माण, खटाव हे तालुके अवर्षणग्रस्त का, असा दुसरा. निकाल मागील वर्षाइतकाच लागला. थोडा चांगला म्हणावा, इतकाच. हेडमास्तरांनी तो पाहिला आणि “चालू द्या,” एवढेच म्हणाले. धनगराच्या मुलाला मध्यम गुण पडले, कारण त्याची भाषा अजून कच्ची होती. परंतु त्याच्या उत्तरपत्रिकेत खाडाखोड कोठेही नव्हती.

सुट्टी लागताच तो आपल्या गावी गेला. वडिलांना हाताखाली माणूस हवा होता, म्हणून पुढच्या वर्षी तो गावाजवळच्याच शाळेत जाणार होता. निरोप घ्यायला आला तेव्हा त्याने बिस्किटांचा तो जुना उभा डबा गुरुजींकडे मागितला. गुरुजींनी डबा दिला आणि एक पट्टीही दिली.

जुलै उजाडला. आठवीच्या नव्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात पुन्हा तीन गावांची नावे लिहिली गेली. मामांचा मोठा डबा महाबळेश्वरी पोचला होता आणि तोही एकदा वाहून गेला होता. एके दिवशी गुरुजींच्या नावे एक पोस्टकार्ड आले. अक्षर वाकडेतिकडे होते. “डबा घरामागं माळावर ठेवला आहे. रोज सकाळी आठ वाजता पाहतो. अजून काही नाही. ढग रोज उगवतीकडं जातात.”

गुरुजींनी ते कार्ड वर्गात वाचून दाखविले. मग खडू घेऊन त्यांनी वाईच्या खाली चौथ्या गावाचे नाव लिहिले आणि त्यापुढे शून्य मांडले.