फेणेची दहावी

रॉबिन या पोराविषयी माझे मत फार वर्षे ठाम होते. मोठ्या माणसाच्या मागे मागे पळणारा, दर चार पानांनी शत्रूच्या हाती सापडणारा आणि बॅटमॅन येऊन सोडवीपर्यंत खांबाला बांधलेला. असले लोढणे नायकाच्या गळ्यात कशाला बांधायचे? बालसाहित्यावर कुठे बोलायची वेळ आली, नगरला, श्रीरामपूरला किंवा संगमनेरला, की हा मुद्दा मी हमखास काढायचो. पुढचे वाक्यही तयार असायचे: ‘आमच्या फास्टर फेणेला कुठलाही बॅटमॅन लागला नाही!’ टाळ्या ठरलेल्या.

टाळ्या उगाच मिळत नव्हत्या. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे होताच तसा. फुरसुंगीचा, काटकुळा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर स्वार, तोंडाने ‘टॉक्’ असा आवाज काढणारा. संकट दिसले की तो त्यात आधी उडी मारतो आणि मग विचार करतो. त्याच्या गोष्टींत वडीलधारी माणसे असतात, पोलीसही असतात, पण ते बहुधा चोर हाती लागल्यावर मुसक्या बांधायला येतात. गोष्ट त्यांची नसते, पोराची असते. त्याच काळात आमच्या हातात इंद्रजाल कॉमिक्स पडत. १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका पुढे मराठीतही आली. त्यात वेताळ होता, मॅन्ड्रेक आणि त्याचा लोथार होता. सगळे बाप्ये. त्यांच्या शेजारी फेणे ठेवला की आमची कॉलर ताठ व्हायची.

इतिहासही माझ्याच बाजूने साक्ष देतो असे मला वाटे. रॉबिन आला तो एप्रिल १९४०च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात. बिल फिंगर, बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन यांनी त्याला घडवले. फिंगरची अडचण साधी होती. बॅटमॅन एकटा, घुम्या. त्याने मनातले बोलावे कुणाशी? शेरलॉक होम्सला वॉटसन होता, तसा याला कुणीतरी हवा होता. शिवाय वाचणारी पोरे दहाबारा वर्षांची, म्हणून वॉटसनही पोरगाच केला. खप एकदम वाढला आणि सगळ्या प्रकाशकांनी तोच कित्ता गिरवला. ह्यूमन टॉर्चला टोरो मिळाला, मार्च १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिकाला बकी, त्याच वर्षी ग्रीन ॲरोला स्पीडी. जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने तर १९४२ मध्ये पोरांच्या टोळ्याच उभ्या केल्या, न्यूजबॉय लीजन आणि बॉय कमांडोज. मी म्हणायचो, हा सगळा धंदा आहे, पोरांच्या खिशातली नाणी काढण्याचा.

आणि माझा हुकमी एक्का होता स्पायडरमॅन. स्टॅन ली सांगत असत, की शाळकरी पोरगा नायक करायचा म्हटल्यावर प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी नाक मुरडले. पोरगा फार तर सहायक शोभेल, असे त्यांचे म्हणणे. तरी ऑगस्ट १९६२ मध्ये पीटर पार्कर आला आणि एकटाच उभा राहिला. अमेरिकेला जे उशिरा सुचले ते आमच्या भागवतांना आपसूक कळले होते, असे सांगून मी खाली बसायचो.

हे मत हलवले ते एका मुलीने. जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलांशी गप्पा मारायला गेलो होतो. फेणेची दोन साहसे रंगवून सांगितली. मुले खूश. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारले, ‘सर, फेणेची दहावी झाली का?’ वर्गात हशा पिकला. दुसऱ्या एकाने खालूनच उत्तर दिले, ‘नापास झाला आसंल. सारखा चोराच्या मागं.’ मीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण ती थट्टा करत नव्हती. तिची स्वतःची दहावी पुढच्या वर्षी होती. नंतर काय होते, हे तिला हवे होते, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण भागवतांच्या गोष्टींत ‘नंतर’ नाही. फेणे शाळेतच राहतो. त्याचा आवाज फुटत नाही, त्याला फीची चिंता पडत नाही, मोठ्यांशी त्याचे खरे भांडण होत नाही. ज्या मुक्तपणाचे मी कौतुक करायचो, त्याची ही दुसरी बाजू होती: ज्याच्यावर कुणाचा हात नाही, त्याला तो हात सोडवून निघूनही जाता येत नाही.

त्यानंतर रॉबिन मी पुन्हा वाचायला घेतला. पुतण्याच्या टॅबवर बहुतेक सगळे जुने अंक होते. आधी फक्त चेष्टेसाठी चाळलेली पाने आता क्रमाने वाचली, तेव्हा मला त्यात एक सलग गोष्ट दिसली, आणि ती कुणा एका लेखकाने आधी ठरवून लिहिलेली नव्हती.

जुलै १९६४ मध्ये ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’च्या ५४व्या अंकात तीन सहायक पहिल्यांदा आपल्या मोठ्यांना घरी ठेवून एकत्र आले: रॉबिन, किड फ्लॅश आणि ॲक्वालॅड. जिथे जातात त्या गावात काय चालू आहे? पोरे आणि थोरे यांचे भांडण. पुढच्या वर्षी वंडर गर्ल आली आणि या टोळीला टीन टायटन्स हे नाव मिळाले. १९७१ मध्ये डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांनी त्याहून धीट पाऊल टाकले. ग्रीन ॲरो जगाचे अन्याय निवारत हिंडत होता आणि घरी त्याने सांभाळलेला स्पीडी हेरॉइन टोचून घेत होता. ते कळल्यावर नायक पोराला जवळ घेत नाही, त्याच्यावर हात उगारतो. तीस वर्षांपूर्वी ‘धंदा’ म्हणून जन्माला घातलेला सहायक इथे नायकाचे पितळ उघडे पाडतो. एकट्या नायकाच्या गोष्टीत हे घडणे शक्यच नव्हते. मोठ्या माणसाला जाब विचारायचा तर आधी त्याच्याशी नाते हवे.

मग १९८०चे ‘न्यू टीन टायटन्स’, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांचे. यातल्या १९८४च्या एका अंकाने माझी विकेट काढली. चव्वेचाळीस वर्षे अंगावर वागवलेला रॉबिनचा पोशाख डिक ग्रेसन, म्हणजे पहिला रॉबिन, उतरवतो. कुणी मेलेले नाही, कुणी हाकललेले नाही. तो एवढेच ठरवतो की आता आपण दुसऱ्याची सावली नाही. किड फ्लॅशही त्याच वेळी मुखवटा ठेवून देतो. काही महिन्यांनी डिक नाइटविंग हे नवे नाव घेतो. बॅटमॅनने शिकवलेले सगळे त्याच्याजवळ आहे, फक्त मान वर करून उभे राहायची रीत त्याची स्वतःची आहे. हे वाचताना मला फेणे नव्हे, ती मुलगी आठवली. तिच्या प्रश्नाचे उत्तर या लोढण्याने दिले होते.

धंद्याचा भाग मी विसरलेलो नाही. १९८८ मध्ये दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यावर प्रकाशकांनी वाचकांकडून फोनवर मते मागवली, प्रत्येक फोनला पैसे घेऊन. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. फरक ७२ मतांचा. एवढ्या फरकावर आमच्याकडे ग्रामपंचायतीची फेरमोजणी मागतात, इथे एक पोरगा गेला. ते वाचून आजही चीड येते. पण धंदा असूनही पोरे वाढत गेली, हे मी पूर्वी पाहतच नव्हतो.

कुणाच्या तरी मागे चालणे म्हणजे लहान असणे, हा माझा समज नगर जिल्ह्यात राहून टिकायलाच नको होता. नेवाशाला प्रवरेकाठी मंदिरात तो पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरचे निरूपण केले अशी श्रद्धा आहे. साल १२९०. परंपरेने चालत आलेली जन्मसाले धरली तर निवृत्तिनाथ सतरा वर्षांचे, ज्ञानदेव पंधरा, सोपानदेव तेरा आणि मुक्ताबाई अकरा. आईबाप गेलेले, गावाने वाळीत टाकलेले. आजच्या हिशेबाने चौघांची शाळाही संपलेली नाही. त्यातला पंधरा वर्षांचा मुलगा नऊ हजार ओव्या रचतो आणि नाव सांगताना स्वतःला थोरल्या भावाचा दास म्हणवतो. त्याने तो लहान झाला का? आणि सगळ्यांत धाकटी मुक्ताबाई, दार लावून बसलेल्या त्याच ज्ञानदेवांना ताटी उघडायला लावते, पुढे चांगदेवांसारख्या वयोवृद्ध योग्याची गुरू होते. मुखवटेवाल्या पोरांच्या शेजारी या चौघांना बसवताना संकोच वाटतो. पण गुरूचे ऋण मानणे आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे यांत वैर नाही, हे मला इथेच शिकता आले असते. त्यासाठी परक्या मुलखातले पोरगे लागले, हा माझा करंटेपणा.

हिंदी कॉमिक्सवाल्यांना हे आधी उमगले असावे. १९८७ मध्ये अनुपम सिन्हांनी राज कॉमिक्ससाठी सुपर कमांडो ध्रुव उभा केला. सर्कशीतला अनाथ पोरगा, म्हणजे मुळात रॉबिनचीच कुळकथा. पण त्याला बॅटमॅन नाही. एक पोलीस अधिकारी त्याला घरी नेऊन वाढवतो, आणि पुढे ध्रुव पीटर, रेणू, करीम अशा आपल्या वयाच्या सोबत्यांची कमांडो फोर्स बांधतो. आमच्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर हे अंक टांगलेले असत. मी ते हातात घेतले नाहीत, कारण माझ्याजवळ फेणे होता.

२०१७च्या चित्रपटाविषयीही माझे मत बदलले आहे. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ आला तेव्हा मी रागावलो होतो. अमेय वाघचा फेणे शाळकरी नव्हता, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण होता. फेणेला मोठे करायचा यांना अधिकार काय, असे मी तावातावाने म्हणालो. आता वाटते, दहावीच्या प्रश्नाला मराठीत कुणी तरी उत्तर द्यायला निघाले होते. त्यात दिलीप प्रभावळकरांनी साक्षात भा. रा. भागवत उभे केले आहेत, आणि ते फेणेला घरात आसरा देतात, मदत करतात. जाणता म्हातारा पोराचा सहायक झाला. भागवतांना हे आवडले असते, असे मला वाटते.

फेणेवरचे माझे प्रेम कमी झालेले नाही. त्याची पुस्तके आजही मी मुलांना भेट देतो. फक्त ते टाळ्यांचे वाक्य आता म्हणवत नाही, आणि त्याला आणखी एक कारण आहे. फेणेला बॅटमॅन नव्हता हे खरे, पण त्याला रॉबिन होते. मित्र सुभाष देसाई होता, बहीण माली होती. दोघे त्याच्या मागे धावले, त्याच्यासाठी घाबरले, आणि शाबासकी फेणेला मिळाली. रॉबिनला हिणवताना मी या दोघांची नावेसुद्धा घेत नव्हतो. आता शाळांत बोलायला गेलो की फेणेची एक गोष्ट मालीच्या बाजूने सांगा, असे मुलांना सांगतो. मुली पटकन हात वर करतात. मुलगे आधी कुरकुरतात, मग सुभाष देसाई मागून घेतात.