रायगडावर मागे राहिलेली राणी

येसूबाईंचे नाव निघाले की आपण हळहळतो. वैधव्य आणि एकोणतीस वर्षांची मोगली कैद सोसलेली राणी म्हणून त्यांना हात जोडतो आणि तिथेच थांबतो. मला हे अपुरे वाटते. १६८९ साली रायगडावर त्यांनी जे केले, तो पूर्ण विचाराने घेतलेला राजकीय निर्णय होता. फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली आणि मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा रायगडाला आवळू लागला. गादी हक्काने मुलगा शाहूची. पण तो सात वर्षांचाही नव्हता. येसूबाईंनी त्याचा हक्क मागे ठेवून दीर राजारामांना पुढे केले. हेच राजाराम १६८० साली, याच गडावर, संभाजीराजांना डावलून मंचकावर बसवले गेले होते. ते सल मनात धरायला येसूबाईंकडे कारण होते, मुखत्यारीचा शिक्काही होता. तरी घरातली जुनी फट त्यांनी स्वतः बुजवली.

राजा आणि वारस एकाच वेढ्यात सापडले तर राज्य एका दिवसात संपते, हे त्यांनी ओळखले. एप्रिलमध्ये राजाराम गड उतरले. वाघ दरवाजातून, असे परंपरा सांगते. त्या दरवाजाखालचा कडा पाहिला की ही वाट राजाला एकट्यादुकट्यानेच शक्य होती, लहान मुलासह सगळ्या कबिल्याला नव्हे, हे लगेच पटते. येसूबाई मागे राहिल्या आणि गड नोव्हेंबरपर्यंत झुंजला. तो पडला त्या सुमारास राजाराम दूर जिंजीला पोहोचले होते. याउलट, इंग्लंडच्या मार्गारेट राणीने गादीसाठीच्या गुलाबांच्या युद्धात मुलाचा हक्क शेवटपर्यंत रेटला. १४७१ साली ट्यूक्सबरीला एकुलता एक मुलगा पडला आणि तिचा पक्षच संपला. तिला विश्वासाने पुढे करावा असा दीर नव्हता, हेही खरेच.

कोणी म्हणेल, राजारामांनी गड सोडावा हा येसूबाईंच्या तोंडचा सल्ला चिटणीस बखरीतला, म्हणजे शतकाहून अधिक काळानंतरचा. शब्दांबद्दल शंका घ्या. पण राजाराम गेले, त्या आणि शाहू राहिले, हे तर बखरीवर अवलंबून नाही. दुसरा आक्षेप जड आहे: याच तडजोडीतून १७०७ नंतर शाहू आणि राजारामांची राणी ताराबाई यांचे भांडण उभे राहिले, राज्याची सातारा आणि कोल्हापूर अशी वाटणी झाली. हे नाकारता येत नाही. मात्र भांडायला गादी शिल्लक राहिली ती १६८९ च्या त्या निर्णयामुळे, आणि शाहू मोगली कैदेतून सुटून आल्यावर त्याच्यामागे सरदार उभे राहिले, कारण त्याचा हक्क मागे ठेवला होता, सोडला नव्हता. त्या सरदारांना जोडणारा बाळाजी विश्वनाथ कोकण किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनचा. त्यानेच १७१९ साली दिल्लीहून येसूबाईंना सोडवून आणले. त्या साताऱ्याला आल्या, मुलाच्या राजधानीत. रायगड तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. तो मराठ्यांकडे परतायला १७३३ साल उजाडले.