जुने ब्राउझर आणि संकेतस्थळांचे रचनाकार

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्या तोंडीं सदैव असते, आणि ग्रंथ व मैत्री ह्यांच्या बाबतींत ती खरीही आहे. परंतु संगणकावरील ब्राउझरास ती लावूं गेल्यास फसगत होते. ती कशी, हें विद्यार्थिमित्रांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुस्तक छापखान्यांत एकदांच जुळविलें जातें. मग तें पुण्यांत वाचा कीं अवसरी खुर्द येथें वाचा, अक्षर जागचें हालत नाहीं. संकेतस्थळाचें पान मात्र असें तयार होऊन येत नाहीं. रचनाकार केवळ मजकूर व मांडणीच्या सूचना पाठवितो. जुळणी वाचकाच्या घरीं त्याचा ब्राउझर करितो. हा जुळारी जुना असला कीं कित्येक सूचना त्यास कळत नाहींत, आणि कांहींचा तो भलताच अर्थ करितो.

इंटरनेट एक्स्प्लोअररची सहावी आवृत्ति २००१ सालीं निघाली व सातवी २००६ सालीं. मधल्या पांच वर्षांत जगांतील बहुतेक संगणकांवर त्याच कंपनीचा ब्राउझर होता. पारदर्शक चित्रामागें तो करडा ठिगळ दाखवी, ओळींमधील व चौकटींमधील अंतरें चुकवी. रचनाकारास एकच पान दोनदां रचावें लागे. शेवटीं २०११ सालीं खुद्द मायक्रोसॉफ्टनेंच ही आवृत्ति सोडा, अशी मोहीम काढिली.

आपल्या मराठीस तर ह्याचा विशेष जाच झाला. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं कित्येक मराठी वृत्तपत्रें आपापले निराळे फॉन्ट वापरीत. वाचकाचा ब्राउझर अनुकूल नसला कीं बातमीच्या जागीं रोमन अक्षरांची निरर्थक रास दिसे. पुढें युनिकोड आलें, तरी जुन्या यंत्रांस जोडाक्षरें जुळवितां येत नसत. अशाच एका यंत्रावर ‘शिक्षक’ हा शब्द आमच्या दृष्टीस पडला. वेलांटी शकाराच्या पुढें जाऊन पडलेली, आणि क्षकार फुटून त्याचे दोन तुकडे झालेले! आपल्याच पेशाचें नांव असें मोडलेलें पाहून प्रथम हंसूं आलें. परंतु अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुलानें तें तसेंच गिरविलें असतें, हें मनांत येऊन वाईटही वाटलें.

मग सर्वांनीं नवा ब्राउझर घ्यावा, म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. ज्यास शक्य आहे त्यानें तें अवश्य करावें. कारण जुन्या आवृत्तीची दुरुस्ती थांबते व चोरांस वाट मोकळी होते. परंतु प्रत्येकास तें साधत नाहीं. विंडोज ७ च्या संगणकांवर क्रोम १०९ व्या आवृत्तीशींच थांबला. पुढील आवृत्ति २०२३ सालीं निघाली, ती त्यांस मिळाली नाहीं. नवें यंत्र घेण्यास पैसा लागतो, आणि मंचरच्या बाजाराचा भाव जुन्या फोनवर पाहणाऱ्या शेतकऱ्यास तो उद्यांच कोठून मिळणार?

अवसरी खुर्द येथें २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथें किंवा अन्यत्र शिकून आमचे कांहीं विद्यार्थी उद्यां रचनाकार होतील. त्यांस आमचें सांगणें असें कीं, मजकूर आधीं अगदीं साध्या रीतीनें मांडावा. शोभा मागाहून चढवावी. २०१७ सालीं प्रमुख ब्राउझरांत ग्रिड नांवाची सुंदर मांडणी आली. जुना ब्राउझर ती न समजल्यास मुकाट्यानें सोडून देतो. खालीं साधी मांडणी असेल तर वाचकाचें कांहींच अडत नाहीं. नसेल, तर पान विस्कटतें. आणि आपल्या नव्या यंत्रावर पान चांगलें दिसलें एवढ्यावर संतुष्ट न राहतां, गांवांतील एखादा जुना फोन मागून आणून त्यावरही तें एकदां पाहावें.

शोभा थोडी कमी झाली तरी चालेल. परंतु भाव, निकाल वा सूचना पाहावयास आलेला मनुष्य रिकाम्या हातानें परत जातां कामा नये.