शिरोरेषेखालची बाजारपेठ

कोल्हापुरात 'पेंटर' हे धंद्याचं नाव कमी आणि मानाचं जास्त. बाबूराव मेस्त्रींना गावानं बाबूराव पेंटर केलं. सिनेमे काढणारा, त्यासाठी कॅमेरा स्वतः बनवणारा आणि आपल्याच चित्रपटांची पोस्टरं रंगवणारा हा माणूस इतिहासातही त्याच नावानं राहिला. मी वाढले त्या काळात गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणाराही पेंटरच होता, आणि चहा पाजल्याशिवाय त्याला कुणी सोडत नसे.

मी अक्षरांचं काम करते. दुकानांची नावं, मसाल्याच्या पुड्या, इस्पितळात 'क्ष-किरण विभाग इकडे' म्हणणारे बाण, असलं सगळं. विद्यार्थी विचारतात, 'मॅडम, प्रेरणा कुठून घेता?' त्यांना एखाद्या जाडजूड परदेशी पुस्तकाचं नाव हवं असतं. मी कोल्हापूरच्या महाद्वार रोडचं नाव सांगते. पोरं हसतात, मॅडमना गावाचा उमाळा आला म्हणतात. उमाळा आहेच, पण मी पत्ताही सांगत असते.

महाद्वार रोडवरून लहानपणी आईचं बोट धरून अंबाबाईला जाताना मी वाचायला शिकले असं म्हटलं तर शाळेतल्या बाईंवर अन्याय होईल. पण अक्षर बघायला मी तिथेच शिकले. सराफाची पाटी ठेवणीतल्या बोरूच्या वळणाची, काळ्यावर पिवळी, शांत. सायकलवाल्याचं नाव उजवीकडे झुकलेलं आणि मागे वेगाच्या चार रेघा. बँड कंपनीच्या अक्षरांना इतके पीळ आणि झुपके, की नाव वाचण्याआधी क्लॅरिनेट ऐकू यावं. पिठाच्या गिरणीची पाटी तेवढी साधी, कारण गिरणी आवाजावरूनच सापडायची. दुकानात काय मिळतं हे अक्षराच्या अंगलटीवरून ओळखता येतं, हे मला कुणी शिकवलं नाही. पुढे कॉलेजात त्यालाच ब्रँडिंग म्हणतात असं कळलं.

मामाचं किराणा दुकान होतं. नाव अर्थातच 'महालक्ष्मी'. त्याची पाटी नव्यानं रंगवायची ठरली तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि मला पेंटरच्या मागे बसून राहायची मुभा मिळाली. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, मग निळा ऑइल पेंट. तो वाळल्यावर पेंटरनं खडूची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधोमध उचलली आणि टण्णकन सोडली. पांढरी सरळ रेघ उमटली. तशीच आणखी एक खाली. मग त्यानं नाव लिहायला घेतलं नाही. बोटांनी मापं टाकत, ओठांत पुटपुटत, तो नुसत्या जागा वाटत सुटला. 'म'ला एवढी, 'हा'ला एवढी. 'क्ष्मी'पाशी थांबला, बिडी पेटवली. त्या एका अक्षरात 'क्ष' आहे, त्याला चिकटलेला 'म' आहे आणि वर वेलांटी. बाकीच्या अक्षरांएवढ्या जागेत ते कोंबलं असतं तर चिखल झाला असता, आणि ऐसपैस ठेवलं असतं तर 'महाल' वेगळा आणि 'क्ष्मी' वेगळी वाचली गेली असती. त्यानं 'ल' किंचित अरुंद केला, 'क्ष'चं पोट थोडं आत ओढलं, आणि वेलांटीचा गोल मागे 'ल'च्या डोक्यावरून सुरू केला. जागा शेजाऱ्याकडून उसनी घेतली आणि वेलांटीचं छप्पर देऊन फेडली.

मग एका हातात टोकाला चिंधी बांधलेली काठी, तिच्यावर दुसऱ्या हाताचं मनगट टेकलेलं, आणि चपटा ब्रश. आधी सगळे उभे काने. मग गोलाया. अक्षरं बराच वेळ पत्र्यावर सुटी, बिनडोक्याची उभी होती. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे, सरकत्या पावलांनी, एका दमात. ती पडली आणि नाव झालं. शेवटी लाल सावली दिली, उजवीकडे आणि खाली.

मामा म्हणाला, 'पेंटर, आपल्या दुकानावर ऊन उजवीकडनं येतंय की. सावली डावीकडं नको का?'

'पाटीवरचं ऊन पेंटरचं असतंय, मालक,' एवढंच बोलून त्यानं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

पुढे मुंबईला, जे.जे.च्या उपयोजित कला महाविद्यालयात आले. महाविद्यालयातून निघून रस्ता ओलांडला की क्रॉफर्ड मार्केट. त्याच्या दाराच्या डोक्यावर दगडात कोरलेली शिल्पं आहेत, शेतात राबणाऱ्या माणसांची. ती केली लॉकवुड किपलिंग यांनी, ते जे.जे.मध्येच शिकवत. खाली आंब्याच्या पेट्या उतरतायत, वर त्याच कामातली माणसं दगडात. कला, वास्तुकला आणि किरकोळ विक्री हे तीन विषय आमच्या अभ्यासक्रमात वेगवेगळ्या वर्षांना होते. रस्त्यापलीकडे त्यांना एकच दार पुरलं होतं. मी तिथे बसून भाज्यांच्या दरांच्या पाट्या उतरवून घेत असे. वर्गात त्या कुणाला दाखवल्या नाहीत.

वसतिगृहात रविवारचा पेपर आला की नाटकांच्या जाहिरातींचं पान माझं. तिथे कमल शेडगे भेटत. त्यांनी कलाशाळेची पायरी रीतसर चढलेली नव्हती, 'टाइम्स'च्या कलाविभागात नोकरी केली, आणि मराठी नाटकांची शीर्षकं हातानं अशी लिहिली की तिकीट काढण्याआधीच नाटकाची जात कळावी. ऐतिहासिक नाटकाचं नाव तलवारीच्या पात्यासारखं निमुळतं व्हायचं, फार्सच्या नावातली वेलांटी टोपी उडवायची. इवलीशी जागा, काळी शाई, पेपरचा मळकट कागद, शेजारी इतर नाटकांची गर्दी. महाद्वार रोडच होता तो, एका पानावरचा. 2020 मध्ये ते गेले, तेव्हा अनेकांनी त्यांना 'अक्षरांचे जादूगार' म्हटलं. जादू वगैरे म्हटलं की माझी जरा चिडचिड होते. जागा वाटण्याचं ते गणित होतं आणि ते त्यांनी आयुष्यभर रोज सोडवलं.

नोकरी लागल्यावर दादरला राहायला आले आणि मान वर करून चालायची सवय लागली. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंगा इथल्या 1930-40 च्या दशकांतल्या इमारती बघितल्यात ना? गोलसर कोपऱ्यांची बाल्कनी, खिडक्यांवरून आडवे धावणारे छज्जे, मधोमध जिन्याचा उभा पट्टा. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाजवळच्या त्यांच्या श्रीमंत बहिणी 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या; दादरच्या मात्र पुनर्विकासाच्या यादीत आहेत. यांतल्या काहींची नावं प्रवेशद्वारावर सिमेंटमधून उठवलेली आहेत, देवनागरीत. एका ठिकाणी मी थबकले. छज्ज्याची आडवी पट्टी नावापाशी येते आणि तीच शिरोरेषा होते. अक्षरं इमारतीलाच लटकलेली. आर्किटेक्टनं ते कागदावर काढलं की गवंड्याला बांधकाम करताना सुचलं, कोण जाणे. दुपार कलली की त्या अक्षरांची सावली भिंतीवर सरकते. कधी खाली, कधी बाजूला. तिथे मला पेंटरच्या त्या लाल सावलीचं मूळ सापडलं. पत्र्यावरच्या सपाट नावाला तो इमारतीवरच्या नावाची जाडी देत होता. सिमेंटची अक्षरं ज्याला परवडत नाहीत अशा किराणा दुकानदारासाठी रंगात केलेलं बांधकाम होतं ते.

पाटीचा हा सोस आपल्याकडे फार जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात लोक कमान आणि लाकडी फासळ्या बघून परत फिरतात. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला ब्राह्मीतला एक लेख आहे: वैजयंतीच्या भूतपाल शेटजींनी हे शैलगृह पूर्ण केलं, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी, आणि दावा 'संपूर्ण महाराष्ट्रात एकमेव' छापाचा! आत खांबांवर धेनुकाकटच्या दात्यांची नावं आहेत, त्यांत यवनही आहेत. अक्षरांना शिरोरेषा नाही. ती पुढे कित्येक शतकांनी आली. पण छिन्नीला सोसतील एवढीच वळणं, आणि नावाभोवती मोकळा दगड. जागा वाटणारा तिथेही कुणीतरी होता.

आताच्या रस्त्यावर हे वाटप बंद पडलं आहे. गेल्या वीसेक वर्षांत फ्लेक्स आला आणि पेंटर गेले. कोण भिंती रंगवायला लागले, कोण गणपतीच्या मोसमापुरते उरले. याबद्दल मी गळा काढणार नाही; फ्लेक्स स्वस्त आहे, एका दिवसात मिळतो, आणि छोट्या दुकानदाराला तेच हवं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. फ्लेक्सच्या दुकानात ऑपरेटर नाव टाइप करतो, श्री-लिपीतला एखादा ठसठशीत फॉन्ट लावतो, आणि पट्टी भरत नाही म्हणून माउसनं अक्षरं बाजूनं ओढतो. काने जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते. खांब जाडजूड आणि तुळई दोऱ्याएवढी. उभं ओढलं तर उलट. डोळ्याला काहीतरी खुपतं, पण काय ते ग्राहकाला सांगता येत नाही, म्हणून ते तसंच छापून वर चढतं.

त्यात कायदा आला. 2022 च्या दुरुस्तीनं लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान नको असं ठरलं. 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मी या कायद्याच्या बाजूची आहे. पण लहान-मोठं मोजायचं कुठून? इंग्रजी कॅपिटल अक्षर एकमजली. आपलं अक्षर तीनमजली: वर वेलांट्या, मात्रा, रफार; मध्ये धड; खाली उकार. दोन फुटी पट्टीत इंग्रजी अक्षर आरामात दीड फुटाचं बसतं, मराठीच्या धडाला जेमतेम एक फूट उरतो. टेप शेंडीपासून पायापर्यंत लावली तर मराठी बरोबरीचं भरतं, आणि रस्त्यावरून बघितलं तर धाकटं दिसतं. मामाच्या पेंटरला हे टेपशिवाय कळत होतं. इंग्रजी नाव तो एका कोपऱ्यात, बारीक आणि तिरकं काढायचा, आणि 'कंपनीचं नाव शोभेला' म्हणायचा.

पुणेरी पाट्यांवर आपण पुस्तकं काढतो, त्या मोबाइलवर फिरवतो. ते कौतुक सगळं मजकुराचं. ती खोचक ओळ कुठल्या हातानं लिहिली आहे, हे कुणी बघत नाही. तसंच या कायद्याचंही झालं. पाट्या मराठी झाल्या, अक्षराकडे बघायचं राहून गेलं.

बरं, आता पैशाची सबबही उरलेली नाही. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेले 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' यांसारखे नीट बांधणीचे देवनागरी फॉन्ट गूगलवर फुकट मिळतात. तेव्हा तुमचं दुकान असेल, दवाखाना असेल, पोळीभाजी केंद्र असेल, तर पाटी करायला टाकताना फक्त नाव लिहून देऊ नका. ऑपरेटरशेजारी स्टूल ओढून बसा. उकारासाठी खाली जागा सोडायला लावा. आणि अक्षर मोठं करायचं असेल तर कोपऱ्यातून करा म्हणावं, बाजूनं ओढू नका. दर स्क्वेअर फुटावर असतो; पैसे तेवढेच पडतात.