पायाभरणीपूर्वीचा हिशेब

तीर्थरूप काकांस,


सांगवीत सार्वजनिक ग्रंथालयाची स्वतंत्र वास्तू उभारण्याचे काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनावर घेतले आहे, आणि बांधकामाचा निधी कोठून मिळेल येथूनच चर्चेला सुरुवात झाली आहे, हे साहजिक आहे. परंतु उभी राहिलेली वास्तू दरवर्षी कोणाच्या पैशावर चालणार, हे पायाभरणीपूर्वी लेखी ठरले पाहिजे आणि तोपर्यंत देणगीचे पावतीपुस्तकही छापू नये, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि वर्गानुसार त्यांना परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथखरेदी, सेवकांचे वेतन आणि रोजचा खर्च यांसाठीची शासकीय मदत मिळते. मद्रासच्या १९४८ च्या आणि कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यांनी ग्रंथालय उपकर, म्हणजे मालमत्ता करासोबत वसूल होणारी आणि ग्रंथालयांसाठीच राखून ठेवलेली रक्कम, बसवला. महाराष्ट्राने तो बसवला नाही, त्यामुळे येथील अनुदानाला दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे पाहावे लागते. ग्रंथालय कायदा करण्यात देशात पहिले पाऊल १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने टाकले होते, हे आठवले की ही उणीव अधिकच खटकते.

महानगरपालिकेकडे वळले, तरी अडचण संपत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत, पंचायतींकडे सोपवायच्या विषयांमध्ये, ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र तो नाही, आणि सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींच्या संवर्धनात ग्रंथालय गृहीत धरावे लागते. महानगरपालिका अधिनियमातही ते ऐच्छिक कर्तव्यांत मोडते, म्हणजे पाणीपुरवठा किंवा गटारे यांच्याप्रमाणे बंधनकारक नाही. गाव शहरात आले की ग्रंथालयावरचा हक्क कायद्याच्या भाषेत पातळ होतो, ही गोष्ट सांगवी, पिंपळे गुरव यांसारख्या दाट उपनगरांनी निमूटपणे स्वीकारू नये. महापालिकेच्या अंदाजपत्रकात या ग्रंथालयाच्या नावाने स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे केवळ याच खर्चाची वेगळी नोंद, उघडून घेण्यासाठी काकांनी आपले सर्व वजन खर्च करावे.

बांधकामाचा पैसा त्या मानाने हाताशी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते, त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी नावानिशी नोंदलेली आहे, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. आकुर्डीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखानदारीच्या पट्ट्यात दाता शोधायला लांब जावे लागू नये. मात्र अशा निधीचा ओढा पूर्ण झालेल्या, उद्घाटन करता येण्याजोग्या कामाकडे असतो. पाचव्या वर्षीचे ग्रंथपालाचे वेतन त्यातून मिळेल, असे मानणे धोक्याचे आहे.

अँड्र्यू कार्नेगी या पोलाद उद्योगपतीच्या देणगीतून जगभर २५०९ ग्रंथालये उभी राहिली, आणि त्यामागची अट येथे जशीच्या तशी उपयोगी पडणारी आहे: जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालय चालवण्यासाठी ठेवायची. एक कोटीची वास्तू मागणाऱ्याने वर्षाला दहा लाखांची हमी आधी दाखवावी, असा हा साधा हिशेब आहे. काही गावांनी या अटीमुळे देणगी नाकारली, पण ज्यांनी ती स्वीकारली त्यांच्या कपाटांत नवी पुस्तके येत राहण्याची सोय पहिल्याच दिवशी झाली.

जागेचा विचार सांगवीत विशेष काळजीने करावा लागेल. विकास आराखड्यात ग्रंथालयासाठी किंवा सार्वजनिक सुविधेसाठी आरक्षित भूखंड आहे का, हे आधी पाहावे, कारण १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीतही संपादन न झाल्यास आरक्षण संपते. त्याहून मोठा प्रश्न नद्यांचा आहे. जुनी सांगवी मुळा आणि पवना यांच्या मधोमध वसलेली असून, ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये धरणांचा विसर्ग वाढल्यावर नदीकाठच्या घरांत पाणी शिरले होते. निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. फुकट मिळणारा भूखंड या रेषांच्या आत असेल, तर तो कितीही मोक्याचा असला तरी नाकारावा.

पुस्तके वरच्या मजल्यावर ठेवून हा प्रश्न सुटेल, असे वाटते खरे, पण ग्रंथांचे वजन फार असते. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात, तर ग्रंथसंग्रहाच्या दालनासाठी किमान ६०० किलो धरावे लागतात आणि कपाटे उंच असतील तर त्याहूनही अधिक. म्हणून जुन्या समाजमंदिरावर मजला चढवण्याची सूचना आली, तर संरचना अभियंत्याच्या लेखी अभिप्रायाशिवाय ती मान्य होऊ नये. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका हवीच, परंतु तिला वेगळा जिना आणि वेगळी वेळ द्यावी, नाहीतर टेबलांची गरज वाढत जाते आणि मुलांचा विभाग व देवघेव कक्ष आक्रसत जातात.

वार्षिक खर्चाचा तक्ता नकाशाच्या आधी तयार व्हावा. त्यात पहिली रक्कम प्रशिक्षित ग्रंथपालाच्या वेतनाची, दुसरी ग्रंथखरेदीची आणि त्यानंतर वीज, स्वच्छता व दुरुस्ती यांची असावी, आणि प्रत्येक रकमेपुढे ती कोण देणार त्याचे नाव लिहिलेले असावे. ज्या रकमेपुढची जागा कोरी राहील, तेवढ्याने वास्तूचे क्षेत्रफळ कमी करण्याची तयारी काकांनी सहकाऱ्यांकडून आताच करून घ्यावी.



आज्ञाधारक पुतण्या