केवड्याचं कणीस

भाद्रपद लागला की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या आमच्या वाड्यात केवडा आधी नाकाला कळायचा, मग डोळ्यांना. १८८६ सालच्या त्या दगडी मंडईबाहेर पत्रीवाल्या बसायच्या. हरतालिकेच्या आदल्या दिवशी आजी तिथे जायची. आघाडा, दूर्वा, बेल, रुई एका पुड्यात. कणीस मात्र पदराखाली, कारण त्याचा भाव ऐकून आजोबा जमाखर्चाची वही काढत. तांबड्या जोगेश्वरीपाशी कुणीतरी हटकायचंच, "काय काकू, यंदा केवडा वाटतं?" लपवून उपयोग काय!

केवड्याच्या पातीला दोन्ही कडांनी करवतीसारखे काटे, आणि तिसरी ओळ पाठीवर, मधल्या शिरेला. आजी विळीवर कडा अलगद उतरवायची, शीर सोलायची आणि उरलेल्या पिवळट पातीच्या घड्या घालायची. आतला तुरा हलला की पिवळी पूड मांडीवर सांडे. एक घडी आईच्या वेणीत, एक ताईच्या, बाकीच्या ट्रंकेत, शालूच्या पदरात. दिवाळीला शालू निघे तेव्हा पात तपकिरी, कुरकुरीत झालेली. वास मात्र शाबूत.

ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून केतकी, म्हणजे हाच केवडा, शंकराला वर्ज्य. आमच्याकडे हरतालिकेला मात्र चालायची. का, ते विचारायची सोय नव्हती.

पेठेत दिसे ते कणीसच. झाड भेटलं कोकणात, खाडीकाठी: चिखलात रोवलेली आधारमुळं, माणसाएवढी पाती, आत पाऊल टाकायला जागा नाही असं गचपण. केवड्याच्या बनात नाग असतो, ही तंबी तिथेही मिळाली. सुगंधी कणीस येतं ते नर झाडाला. मादीला जाडजूड, खवल्याखवल्यांचं फळ. वेण्या माळणाऱ्या आमच्या बायकांना हे सांगितलं असतं तर केवढं हसल्या असत्या!

ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात ही कणसं तांब्याच्या डेगांत घालून अत्तर काढतात. ते अस्सल असेलही. आपल्या वाट्याला येतो तो सुपारीतला आणि कातातला, नाकात बसणारा. आजी त्याला 'पानपट्टीवाला केवडा' म्हणायची आणि तोंड फिरवायची.

वाडा पडला, तिथे सोसायटी आली. मंडईबाहेर भाद्रपदात कणीस अजून मिळतं, आणि भाव विचारताना मीही आवाज खाली आणते. ताई दरवर्षी आपली पात हक्कानं मागून नेते. विळी काही घरात राहिली नाही. कात्रीनं कडा उतरवताना एखादा काटा बोटात जातोच.