हाडं भरण्याची वर्षं

प्रिय वहिनी,


दादाने लेकीच्या हाडांच्या घनतेच्या तपासणीचा, म्हणजे डेक्साचा, रिपोर्ट मोबाईलवर पाठवला. ‘टी-स्कोअर उणे २.८’ वाचल्यापासून तुमचा डोळ्याला डोळा लागला नाही म्हणाला. तो आकडा आधी मनातून काढा. टी-स्कोअर म्हणजे ऐन तिशीतल्या बाईच्या हाडांशी केलेली तुलना. पंधरा वर्षांच्या पोरीला तो लावायचाच नसतो. तिच्या वयाच्या मुलींशी तुलना करतो तो झेड-स्कोअर. त्यातही एक मेख आहे. डेक्सा हाडाची सावली मोजतं, जाडी त्याला कळत नाही, त्यामुळे ठेंगण्या मुलीचं धड हाडही कागदावर विरळ दिसतं. आपल्या पोरीला टर्नर सिंड्रोम आहे, आणि टर्नरच्या मुली उंचीला कमीच असतात. तेव्हा उंची धरून आकडा पुन्हा काढून मागा. शिवाय या वयात नुसत्या आकड्यावरून हाडं ठिसूळ ठरवत नाहीत; कुठलं हाड मोडलंय का, मणका दबलाय का, तेही बघतात. इथे पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी आपल्याकडच्या मुलांच्या हाडांवर कितीतरी वर्षं काम करताहेत. हाडांचा प्रश्न फक्त म्हाताऱ्यांचा नाही, हे त्यामुळे इथे आता बऱ्याच जणांना पटलंय.

मला आकड्याची भीती वाटली नाही, दादाच्या पुढच्या बोलण्याची वाटली. हार्मोनच्या गोळ्या दिवाळीपासून बंद आहेत म्हणे. ‘उष्ण पडतात, आणि आत्ता पाळी येऊन करायचंय काय, लग्नाच्या वेळी बघू’, असं आईचं म्हणणं.

वहिनी, त्या गोळ्या लग्नासाठी नाहीत हो. टर्नरमध्ये दुसरं एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं, आणि बहुतेक मुलींचे अंडाशय वेळेआधीच थांबतात. मग इस्ट्रोजेन बनत नाही. हाड रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. झिजेला आवर घालतं ते इस्ट्रोजेन. म्हणून तर पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि आपल्या पोरीवर ती वेळ पंधराव्या वर्षी येतेय. वयात येतानाची चार-पाच वर्षं हाडं सगळ्यात जास्त भरतात, विशीनंतर फारशी भर पडत नाही. फुटव्याच्या वेळी उसाचं पाणी तुटलं तर तोडणीच्या तोंडावर पाट सोडून काय उपयोग, हे दादाला मी सांगायला नको. म्हणूनच अकरा-बारा वर्षांच्या सुमाराला अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करून दोन-तीन वर्षांत ती वाढवत नेतात, पुढे जोडीला प्रोजेस्टेरॉन देतात, आणि इतर बायकांची पाळी जाते त्या वयापर्यंत हे चालू ठेवतात. शरीर जे बनवत नाही तेवढंच आपण बाहेरून देतोय.

आणि गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे एकदाचं सोडा. दोन-अडीच हजार मुलींत एखादी अशी जन्मते. पेशी विभागताना गुणसूत्र गळतं, त्यात तुम्ही विळी हातात घेतली की नाही याचा काडीचा संबंध नाही.

खाण्याचं म्हणाल तर तुमच्याकडे बावड्यात दुधाला तोटा नाही. तिच्या वयाला रोज हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या घरात मिळतं. ड जीवनसत्त्व मात्र रक्तात तपासूनच द्या, भरपूर ऊन असूनही ते आपल्याकडे कमी निघतं. दादा तिला राजाराम बंधाऱ्यावर पोहायला नेतो, जरूर नेऊ दे. पण पाण्यात हाडावर भार पडत नाही. तिला दोरीवरच्या उड्या मारू द्या, लंगडी खेळू द्या. त्याआधी हृदय आणि महाधमनी तपासलेली हवी, कारण टर्नरमध्ये तिथे दोष असू शकतो. कानही तपासून घ्या. ऐकणं हळूहळू कमी होतं ते घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि पोर शाळेत मागे पडते.

आईशी मी रविवारी फोनवर बोलते, तुम्ही वाईटपणा घेऊ नका. गोळ्या परत सुरू करायच्या, पण जुन्या पाकिटातल्या आपल्या मनाने नकोत. मध्ये खंड पडलाय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मात्रा ते ठरवतील. जाताना लेकीलाही आत न्या आणि तिच्या देखत बोला. पंधरा वर्षांची आहे, तिला सगळं समजतं.

तुमच्या,
वन्सं